तीन नंबरचं दही

१

केजला माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा पिंग शिकवताना मी पोरांना एकच सांगायचो. पिंग म्हणजे हाक. आपण गल्लीतून 'आहेस का रे' म्हणून ओरडतो आणि आतून ओ येते. ओ आली म्हणजे माणूस घरात आहे. ती किती वेळात आली यावरून तो ओसरीवर आहे की परसात, तेही कळतं. पोरं खुदुखुदू हसायची आणि परीक्षेत नेमकं हेच विसरायची.

क्लासच्या समोर ईश्वरप्पांचं भुसार दुकान. पुढे ज्वारी-तुरीची पोती आणि तराजू, मागे घर. त्यांना सगळा बाजार आप्पा म्हणायचा, मीही. त्यांचा मुलगा बसवेश माझा शाळेपासूनचा दोस्त. तो हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि पहिल्या दिवाळीला घरी येताना मिठाई आणायची सोडून दोन कॉम्प्युटर घेऊन आला. एक दुकानात बसवला, एक मागच्या खोलीत. मधे वायर ओढली ती मी. भिंतीला भोक पाडताना आप्पा सारखे म्हणत होते, "राधाकिशन, भिंत लई जुनी हाय, जरा सबुरीनं."

दुकानातल्या मशीनला आम्ही घरच्या नेटवर्कवरचा एक नंबर दिला, मागच्या खोलीतल्याला दोन.

"आणि तीन?" मी विचारलं.

"तीन माझा," बसवेश म्हणाला.

२

त्याला हैदराबादहून घरात यायचं होतं. मी म्हटलं, मग चॅट कर की, सगळं जग करतं. तो म्हणाला, "बे, घराशी बोलायचं न्हाई मला. घरात यायचंय."

म्हणून त्याने व्हीपीएन लावला. आप्पांच्या टेलिफोनवरून घर इंटरनेटला जोडायचं, मग तो तिकडून आत यायचा. त्यासाठी त्याच्या मशीनमध्ये एक कार्ड लागायचं. खरं नेटवर्क कार्ड म्हणजे हिरवी पट्टी, तिला वायर खोचायची खाच. हे कार्ड तसलं नव्हतं. पेटी उघडून बघितली तर ते कुठेच दिसायचं नाही. मशीन विचारतं, कार्ड आहे का? सॉफ्टवेअर सांगतं, आहे. मशीन बिचारं विश्वास ठेवतं. त्या नसलेल्या कार्डात जे टाकाल ते पाकिटात बंद होऊन साध्या टेलिफोनच्या तारेवरून निघतं आणि दुसऱ्या टोकाला उघडलं की घरातूनच आल्यासारखं दिसतं. महत्त्वाचं म्हणजे, ज्या घरात जायचं त्या घरचा नंबर त्या कार्डाला मिळतो. बसलाय हैदराबादला, पण नंबर केजच्या घरातला. दुकानातून मी तीनला हाक मारली की हैदराबादहून ओ यायची. अर्धा-पाऊण सेकंद लागायचा, पण यायची.

हे सगळं त्याने आईला समजावलं, तेव्हा मी तिथेच होतो. महादेवीकाकू चुलीवरची भाकरी उलटत ऐकत होत्या.

"मंजी तू घरात असतोस?"

"हाव आई, घरातच. नुसता दिसत न्हाई."

"मग जेवणार कावून न्हाईस?"

बसवेश पोट धरून हसला. त्या मात्र हसल्या नाहीत. त्या घरात दिवेलागणीला आत असलेल्या माणसाला उपाशी ठेवत नसत, मग तो हमाल असो की पाहुणा. तेव्हापासून संध्याकाळी मोडेम किंचाळून शांत झाला, स्क्रीनच्या कोपऱ्यात जोडणी झाल्याचं, दोन छोट्या टीव्हींचं चित्र आलं की काकू मॉनिटरसमोर ताट वाढायच्या. निघायच्या वेळी बसवेश स्क्रीनवरच्या खिडकीत लिहायचा, 'आई, निघू?' मग काकू वाटीतलं दही चमचाभर काढून कीबोर्डाशेजारी ठेवायच्या आणि एका बोटाने मराठीत लिहायच्या, 'दही दिलं.' घरातून लांब निघालेल्या माणसाच्या हातावर दही घातल्याशिवाय त्यांनी कुणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता. दही दिलं की तो जायचा. दोन टीव्हींचं चित्र मालवायचं.

आम्ही त्यांची खूप चेष्टा करायचो. आप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचा पोरगा तारंतनं येऊन दही खाऊन जातो."

३

ज्या संध्याकाळी बसवेश शेवटचा आला, त्या संध्याकाळी तो निघण्याआधीच केजची लाईट गेली. मशीन बंद पडलं. वाटीतलं दही वाटीतच राहिलं. उद्या येईल की, असं म्हणून काकूंनी ते कढीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदराबादला कामावर जाताना त्याच्या मोटारसायकलला टँकरने उडवलं. त्याला केजला आणलं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे मांडी घालून, बसता करून, डाव्या तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून मातीत ठेवलं. मी जवळ उभा होतो. मांडी घातलेल्या माणसावर माती लोटताना तो कधीही उठेल असं वाटत राहतं. मला रडू आलं आणि ते किती तरी वेळ थांबेना.

काकू रडल्या नाहीत. घरी आल्यावर चुलीपाशी बसून त्या म्हणाल्या, "त्याला दही कुठं दिलंतं? मग गेला कसा?"

सगळ्यांनी समजून घेतलं की बाई दुःखाने बोलतेय.

४

काही आठवड्यांनी आप्पांनी बोलावलं. दुकानातली बिलं छापायची होती. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं आणि खोदताना टेलिफोनची केबल तुटली होती. आमच्या सगळ्या गल्लीचे फोन मुके. भर दुपार होती. मी प्रिंटर लावला, सहज स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याकडे बघितलं.

दोन छोट्या टीव्हींचं चित्र होतं.

कॉम्प्युटर जुनी चित्रं कधीकधी पुसायला विसरतो. पोरांना मी हेच सांगितलं असतं. पुसायच्या आधी म्हटलं, एक हाक मारू. तीन नंबरला पिंग केलं.

ओ आली.

पहिल्यांदा वाटलं, कंपनीत त्याचं मशीन कुणी चालूच ठेवलं असणार. मग आठवलं, फोनची तार तुटलीय. ओ येणार कुठून? आणि तेव्हा मला वेळ दिसला. हैदराबादहून अर्धा-पाऊण सेकंद लागायचा. आता सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी लागत होता. इतक्या लवकर ओ फक्त भिंतीपलीकडून येते.

मी शहाणा माणूस. स्वतःला समजावलं की ते नसलेलं कार्ड चुकून ह्याच मशीनमध्ये राहिलंय, मशीन स्वतःलाच हाक मारतंय आणि स्वतःच ओ देतंय. मशीनमधल्या कार्डांची सगळी यादी तपासली. तसलं कार्ड नव्हतं. मग मागच्या खोलीतलं मशीन बंद करून आलो. ओ येतच राहिली. शेवटी दुकानातल्या मशीनची वायर उपसून हातात धरली. वायरचं टोक माझ्या बोटांत होतं आणि समोर एकाखाली एक उत्तरं पडत होती.

"काय झालं रे?" आप्पांनी तराजूवरून विचारलं.

"काही नाही आप्पा. सॉफ्टवेअर बिघडलंय."

माझा आवाज मलाच पटला नाही. आतून ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज आला.

५

काकू वाळत चालल्या होत्या. ते गल्लीला दिसत होतं. मठात जाणं सुटलं, शेजारणीकडे बसणं सुटलं. मागच्या खोलीत मॉनिटरसमोर चटई टाकून दिवसभर बसायच्या. ताट वाढायच्या, आणि ते तसंच राहिलं की म्हणायच्या, त्यानं खाल्लं न्हाई तर मी कशी खाऊ? शुगरच्या गोळ्या तशाच पडून होत्या. बसवेशची बहीण कावेरी, तेलगावला दिलेली, आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि परत गेलीच नाही.

एका दुपारी ती क्लासमध्ये आली. पोरं बसली होती म्हणून दारातच उभी राहिली.

"राधाकिशनदादा, ते मशीन काढून न्या तुमी. भाऊ गेला, आता आई चालली."

मी गेलो. काकूंना म्हटलं, मशीन जरा दुरुस्तीला नेतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याने झोपलेल्या पोराची गोधडी मागावी तशा त्या बघत होत्या.

"तो हाय की आत. त्याला कुठं नेतोस?"

"काकू, बसवेश नाही आता. मी स्वतः माती दिलीय."

"माती दिलीस. दही मी दिलं न्हाई."

"मग द्या की. का देत नाही?"

ताट जरा पलीकडे सरकवत त्या म्हणाल्या, "दिलं की जाईल रे तो."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा मंद होत थांबला. मॉनिटर काळा झाला आणि त्याच्या फुगीर काचेत मागच्या खिडकीच्या उजेडात खोली दिसू लागली. चटई, ताट, काकूंचा पांढरा अंबाडा, त्यांच्यामागे मी. काकूंच्या उजवीकडे, ताटापलीकडे, कुणी बसावं अशी जागा होती. तिथे काचेत एक हात पुढे केलेला होता. तळहात वर. दही घ्यायला माणूस करतो तसा.

मी मान वळवून बघितलं. चटईवर कुणी नव्हतं. पुन्हा काचेकडे बघायचं धाडस मला झालं नाही. काकू तिकडेच बघत होत्या आणि त्यांच्या ओठांवर, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, समाधान होतं. मला त्यांची इतकी दया आली की मशीनला हातही न लावता मी बाहेर पडलो.

६

तोडगा आप्पांनी काढला. ते काकूंपाशी जाऊन बसले. लग्न झाल्यापासून असे ते क्वचितच बसले असतील.

"महादेवी, मला बी तो पाह्यजे. पर किती दिवस असं दारात उभं करून ठिवायचं त्याला? त्याला पुढं जायचंय. तुझ्या हातनं दही दे. तुझ्याबगर कुणाचं तो घेणार न्हाई."

काकूंनी खूप वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "इरजण लावते."

दुसऱ्या दिवशी घर हलकं झाल्यासारखं वाटत होतं. काकूंनी न्हाऊन इरकल नेसली, कपाळाला विभूती लावली, हातावर लिंग घेऊन पूजा केली. कावेरीला म्हणाल्या, "वरणाला फोडणी दे, करपवू नको." अगदी पूर्वीसारखं. कावेरीने माझ्याकडे बघून डोळे पुसले. दही मस्त लागलं होतं, मोडलं तर कडा उभी राहत होती. काकूंनी मोठी वाटी भरून घेतली.

"एवढं?" कावेरी म्हणाली.

"लांब जायाचंय," त्या म्हणाल्या आणि मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

आम्ही दुकानात बसलो. आप्पा गादीवर, कावेरी उंबऱ्यावर. मी मशीनवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत तीनला हाक, दुसरीत दोनला, म्हणजे मागच्या खोलीतल्या मशीनला. दोन्हीकडून ओ येत होती. बाहेर उन्हात जीपवाला नांदूरघाटच्या सीटा ओरडत होता. ज्वारीच्या पोत्यावर चिमण्या चोच मारत होत्या, पण आप्पांनी त्यांना हाकललं नाही.

मग तीनची ओ थांबली. स्क्रीनवर एकाखाली एक ओळ पडू लागली, उत्तर नाही, उत्तर नाही.

"गेला," मी म्हणालो.

आप्पांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. कावेरी हुंदके देऊन रडू लागली आणि मलाही मोकळं वाटलं. गेल्या कित्येक दिवसांत मी एवढा दमलो होतो हे मला तेव्हा कळलं. खिडकी बंद करायला हात पुढे केला आणि दुसऱ्या खिडकीकडे लक्ष गेलं.

दोनचीही ओ थांबली होती.

लाईट होती. वायर जागेवर होती. मी उठून मागच्या खोलीचं दार ढकललं. मशीन चालूच होतं, पंखा फिरत होता. काकू चटईवर मांडी घालून ताठ बसल्या होत्या. डोळे मिटलेले. वाटी चाटून पुसून रिकामी. उजवा तळहात मांडीवर उघडा होता आणि त्याच्या रेषांमध्ये दही वाळत होतं.

कावेरी माझ्यामागून ओरडली. पुढचा गोंधळ मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की कुणीतरी डॉक्टरला आणायला धावलं आणि मी वेड्यासारखा स्क्रीनकडे बघत राहिलो. त्या मशीनमध्ये मी एकच कार्ड बसवलं होतं. यादीत आता दोन होती. दुसऱ्याला नाव नव्हतं, फक्त नंबर होता. तो एक, दोन, तीन असल्या आमच्या घरच्या ओळीतला नव्हता. ज्या घरात जायचं त्या घरचा नंबर कार्डाला मिळतो, हे मीच पोरांना शिकवत आलो होतो.

डॉक्टर म्हणाले, शुगर. असेलही. संध्याकाळी मठातून जंगम स्वामी आले. त्यांच्यात माती द्यायच्या आधी देह बसता करायला चार माणसं लागतात. काकूंना बसवावं लागलं नाही.

७

मागच्या खोलीतलं मशीन मी घेऊन गेलो, उघडलं, हिरवी पट्टी एकच निघाली. सगळं पुसून ते भंगारात घातलं. दुकानातलं आप्पांनी नेऊ दिलं नाही. "बिलाला लागतंय," म्हणाले. कावेरीला त्यांनी समजावून तेलगावला पाठवलं, तिची लेकरं तिकडे वाट बघत होती. जाताना तिने वडलांकडे हात पुढे केला. आप्पांनी हातावर गूळ ठेवला.

"दही न्हाई का आप्पा?"

"इरजण मोडलं म्या. ह्या घरात आता दही लावायचं न्हाई."

मला ते ऐकून बरं वाटलं. दुःखात का होईना, माणूस शहाणा राहिलाय, असं वाटलं. मी रोज दुपारी जाऊन बसायचो. ते तराजू धरायचे, गिऱ्हाइकांशी दोन शब्द बोलायचे, मी आणलेल्या डब्यातली अर्धी भाकरी खायचे. एकदा मात्र त्यांनी विचारलं, "राधाकिशन, ते नसलेलं कार्ड आलं तर ओळखायचं कसं रे?"

"ते कशाला आप्पा?"

"आपलं सहज."

त्या दिवशी ते आत पाणी प्यायला गेले तेव्हा मी गुपचूप यादी बघितली. दोन कार्डं होती. मी एक काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत दोन होती. पुन्हा काढलं. मग मशीन बंद करून, वायर सोडवून, पेटीच घरी नेली आणि आप्पांना सांगितलं की बिलं मी क्लासवर छापून देईन. ते हो म्हणाले. भांडले नाहीत, काही नाही. मला वाटलं, आता झालं.

चार दिवसांनी बाजाराचा दिवस होता. उन्हं कलली होती. मी घरी अंगणात खाटेवर पडलो होतो, माझी बायको रोहिणी आत ताक घुसळून उठली होती. फाटक वाजलं. आप्पा आले होते. दुकान सोडून ते कधी कुणाच्या घरी जात नसत, म्हणून मी धडपडून उठलो. धुतलेलं धोतर, नवी टोपी, कपाळभर विभूती. चेहरा इतका शांत होता की मला गलबलून आलं.

"या आप्पा, बसा. चहा टाकायला सांगतो."

"चहा नगं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला. मग माझ्या पलीकडे, दारात आलेल्या रोहिणीकडे बघून म्हणाले, "लेकी, आमच्यात इरजण न्हाई आता. वाटीभर दही देतीस का?"

रोहिणीला यातलं काही मी सांगितलं नव्हतं. घरी आलेल्या म्हाताऱ्या माणसाने तोंड उघडून काही मागितलं, याचा तिला आनंदच झाला. "बसा ना आप्पा, आत्ता आणते," ती म्हणाली आणि आत गेली. मला तिला हाक मारायची होती, पण आप्पांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

आप्पांनी धोतराला हात पुसला आणि तळहात वर करून ते माझ्या शेजारी खाटेवर मांडी घालून बसले.